विधानसभा लढलो आणि पडलो, आता पुढे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्राच्या २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार रिंगणात होते. जिंकणाऱ्यांसाठी प्रमाणपत्र आणि शपथविधी असतो. पडलेल्या उमेदवाराला पुढचे दीड महिने कोणती कागदपत्रं कुठे द्यायची, हे सांगायला मात्र सहसा कोणी नसतं. ‘पडलोच आहे, आता कशाला ते कागद’ असं म्हणत हिशोबाची वही कार्यकर्त्याच्या गाडीत राहते आणि तिथूनच पुढच्या निवडणुकीची अडचण सुरू होते. उमेदवार, त्यांचे निवडणूक प्रतिनिधी आणि हिशोब सांभाळणारे कार्यकर्ते नेहमी विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत.

निकालानंतर कोणत्या तारखा लक्षात ठेवायच्या?

मोजणी निकाल जाहीर झाल्याच्या दिवसापासून सुरू होते. ७ दिवसांत मतदान यंत्रांच्या तपासणीचा अर्ज, २६ व्या दिवशी खर्चाच्या ताळमेळाची बैठक, ३० दिवसांत खर्चाचा अंतिम हिशोब आणि ४५ दिवसांत निवडणूक याचिका. २०२४ चा निकाल २३ नोव्हेंबरला लागला. म्हणजे यंत्रांच्या अर्जासाठी ३० नोव्हेंबर, हिशोबासाठी २३ डिसेंबर आणि याचिकेसाठी ७ जानेवारी २०२५ ही शेवटची तारीख होती. निकालाच्या रात्रीच या तारखा कागदावर लिहून कार्यालयाच्या भिंतीवर लावा. पहिला आठवडा लोकांना भेटण्यात आणि समजूत काढण्यात जातो, आणि पहिली मुदत नेमकी त्याच आठवड्यात संपते.

डिपॉझिट नेमकं कधी जप्त होतं?

विधानसभेसाठी सर्वसाधारण उमेदवाराची अनामत रक्कम १०,००० रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराची ५,००० रुपये. ती वाचवायची तर एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात. ‘पेक्षा जास्त’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मतदारसंघात २,१०,००० वैध मतं पडली असतील तर एक षष्ठांश म्हणजे ३५,०००. बरोबर ३५,००० मिळाली तर अनामत गेली, ३५,००१ मिळाली तर वाचली.

नोटाची मतं या वैध मतांत धरत नाहीत. नोटा धरून हिशोब करणारे घाबरतात आणि परत मिळणारी रक्कम मागायलाच जात नाहीत.

दोन मतदारसंघांतून लढला असाल तर दोन्हीकडे भरपूर मतं मिळाली तरी एकच अनामत परत मिळते.

अनामत परत कशी मागायची?

भरणा केल्याची मूळ पावती किंवा चलन जोडून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा. रक्कम ज्याने भरली त्याच्याच नावाने परत येते. कार्यकर्त्याने स्वतःच्या नावाने पैसे भरले असतील तर अर्जही त्यानेच करायचा. हे उमेदवारी अर्ज भरतानाच ठरवलं तर नंतर कटकट होत नाही.

थोडक्या मतांनी पडलो. फेरमोजणी आता मागता येईल का?

निकाल जाहीर झाला असेल तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात काही उरत नाही. फेरमोजणीची वेळ एकच असते आणि ती काही मिनिटांची असते. सगळ्या फेऱ्या संपल्यावर अधिकारी एकूण मतं वाचून दाखवतो आणि निकालपत्रकावर, म्हणजे नमुना २० वर, सही करण्याआधी थोडा थांबतो. तेवढ्या वेळात लेखी अर्ज जावा लागतो, आणि त्यात कारण लिहिलेलं असावं लागतं. ‘फरक कमी आहे’ एवढ्या कारणावर अर्ज फेटाळला जातो. ‘अमुक टेबलवर अमुक फेरीत नमुना १७ सी (केंद्रावर नोंदलेल्या मतांचा हिशोब) मधला आकडा आणि यंत्रावरचा आकडा जुळला नाही’ असं लिहिलं तर अधिकाऱ्याला लेखी कारणं देऊन निर्णय द्यावा लागतो. व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणीही याच वेळी, स्वतंत्र अर्जाने करता येते.

उमेदवार केंद्रात नसेल तर त्याचा निवडणूक प्रतिनिधी किंवा मतमोजणी प्रतिनिधी अर्ज देऊ शकतो. म्हणून मतदारसंघाचं नाव, उमेदवाराचं नाव आणि कारणासाठी मोकळी जागा सोडलेला अर्ज आधीच टाईप करून प्रतिनिधीच्या खिशात ठेवावा. आपली माणसं बहुतेक वेळा चौदाव्या-पंधराव्या फेरीलाच निराश होऊन बाहेर पडतात, आणि शेवटच्या फेरीला टेबलपाशी कोणी नसतं.

आणखी एक गोष्ट तपासा. फरकापेक्षा बाद झालेली टपाली मतं जास्त असतील तर ती सगळी बाद मतं पुन्हा तपासणं आयोगाच्या सूचनेनुसार बंधनकारक आहे. २०२४ मध्ये मालेगाव मध्यला १६२ आणि साकोलीत २०८ मतांनी निकाल लागला. २०१९ मध्ये चांदिवलीत फरक ४०९ होता. इतक्या अटीतटीच्या लढतीत टपाली मतांचं टेबल हेच सगळ्यात महत्त्वाचं टेबल असतं, आणि बहुतेक उमेदवार तिथे सगळ्यात नवखा पोरगा बसवतात.

मतदान यंत्राची तपासणी मागता येते, ती कशी?

सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निकालाने हा मार्ग खुला झाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला मतदारसंघातल्या ५ टक्क्यांपर्यंत यंत्रांची तपासणी मागता येते. यंत्रं कोणत्या केंद्रांवरची किंवा कोणत्या क्रमांकाची, ते उमेदवाराने सांगायचं. अर्ज जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, निकालानंतर ७ दिवसांत. २०२४ मध्ये एका संचाला ४०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७,२०० रुपये शुल्क होतं. छेडछाड सिद्ध झाली तर पैसे परत मिळतात. अर्ज करताना त्या वेळचं शुल्क आणि कार्यपद्धती जिल्हा कार्यालयातून लेखी घ्या.

या तपासणीत तुमची मतं पुन्हा मोजली जात नाहीत. यंत्रातला प्रोग्राम मूळचाच आहे का आणि यंत्र बरोबर चालतं का, एवढंच पाहिलं जातं. आमचं स्पष्ट मत असं की नमुना १७ सी च्या प्रतींशी आकडे जुळत असतील तर १०-१५ संचांवर पाच-सात लाख घालण्याआधी तो पैसा मतदारयादीच्या कामाला लावावा. आकडे जुळत नसतील तर मात्र मागे हटू नका.

खर्चाचा हिशोब पडलेल्यालाही द्यावा लागतो?

हो. रिंगणात राहिलेल्या प्रत्येकाला, अगदी २०० मतं मिळालेल्या अपक्षालाही द्यावा लागतो. ज्याने मुदतीत माघार घेतली त्याला लागत नाही.

महाराष्ट्रात विधानसभेची खर्चमर्यादा ४० लाख रुपये आहे, गोव्यात २८ लाख. अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा, दोन्ही दिवस धरून झालेला सगळा खर्च यात येतो. द्यायचं ते असं: रोजच्या नोंदीची वही, तिच्यात पांढऱ्या पानांवर दैनंदिन खर्च, गुलाबी पानांवर रोख आणि पिवळ्या पानांवर बँक, सगळी मूळ बिलं आणि व्हाउचर, उमेदवाराच्या सहीसह, निवडणुकीसाठी उघडलेल्या स्वतंत्र खात्याचा उतारा, गोषवारा आणि त्याची परिशिष्टं, आणि शपथपत्र. हे सगळं जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे देऊन तारखेची पोच घ्यायची. पोच नसेल तर हिशोब दिल्याचा पुरावा नाही.

चुका नेहमी त्याच त्या ठिकाणी होतात. मांडववाल्याचं बिल अजून दिलेलं नाही म्हणून ते वहीत धरत नाहीत, पण कायद्याला केलेला किंवा मान्य केलेला खर्च हवा असतो, चुकता केलेलाच नव्हे. एका व्यक्तीला संपूर्ण निवडणुकीत १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देता येत नाही, तरी जीपवाल्याला रोज २,५०० रोख दिले जातात आणि पाचव्या दिवशी ही मर्यादा मोडते. मोठ्या नेत्याची सभा झाली की तिचा खर्च ‘पक्षाचा’ म्हणून सोडून देतात, पण उमेदवार त्याच व्यासपीठावर बसला असेल किंवा त्याचा फोटो-नाव तिथे असेल तर खर्च त्याच्या नावावर चढतो. पत्रकांवर छापखान्याचं नाव आणि प्रतींची संख्या नसेल तर ते बिल वेगळीच डोकेदुखी होऊन बसतं.

खर्च निरीक्षकांच्या पथकाने तुमच्या सभांची, गाड्यांची आणि बॅनरची स्वतःची नोंदवही ठेवलेली असते, जिल्ह्याने ठरवलेल्या दरांनी. तिच्यातला आणि तुमच्या वहीतला फरक मिटवायची जागा म्हणजे २६ व्या दिवसाची ताळमेळ बैठक. पथकाने २०० खुर्च्यांच्या जागी ८०० धरल्या असतील तर तिथे मांडववाल्याचं बिल आणि फोटो दाखवून लेखी हरकत घ्या. ही बैठक चुकवलेल्या उमेदवाराच्या नावावर पथकाचे आकडे तसेच राहतात.

हिशोब दिलाच नाही तर काय होईल? निवडणूक तर पाच वर्षांनी आहे.

आयोग आधी कारणे दाखवा नोटीस पाठवतो. उत्तराला २० दिवस मिळतात. उत्तर पटलं नाही तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०-अ खाली ३ वर्षांची अपात्रता येते. ही ३ वर्षं निकालाच्या दिवसापासून मोजत नाहीत, आदेशाच्या दिवसापासून मोजतात. आदेश निघायला दीड-दोन वर्षं लागली तर ही अपात्रता थेट पुढच्या विधानसभेच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचते.

ज्याला विधिमंडळाच्या निवडणुकीची अपात्रता लागते, तो राज्यघटनेच्या कलम २४३-फ आणि २४३-व्ही प्रमाणे ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका या सगळ्यांनाही अपात्र होतो. विधानसभेला पडलेला अपक्ष दोन वर्षांनी गटातून जिल्हा परिषदेला उभा राहतो आणि छाननीत त्याचा अर्ज उडतो, तो असा. नोटीस जुन्या पत्त्यावर जाऊन परत आली असेल तर त्याला पत्ताच लागत नाही. पत्ता बदलला की जिल्हा निवडणूक कार्यालयाला लेखी कळवा.

मुदत चुकलीच असेल तरी हिशोब द्याच. उशिराचं कारण आणि त्याचा पुरावा, उदाहरणार्थ दवाखान्याचे कागद, जोडा.

निवडणूक याचिका कुठे आणि कशी करायची?

फक्त उच्च न्यायालयात. निवडणुकीला आव्हान द्यायला दुसरा मार्ग नाही. साधी रिट याचिका चालत नाही. याचिका कोणताही उमेदवार करू शकतो किंवा त्या मतदारसंघातला कोणताही मतदार. मुंबईत की खंडपीठात, हे मतदारसंघाच्या जिल्ह्यावरून ठरतं.

४५ दिवसांची मुदत कठोर आहे. इतर दाव्यांत उशीर माफ होतो, इथे होत नाही. खर्चासाठी तारण म्हणून २,००० रुपये याचिकेसोबतच भरावे लागतात. जितके प्रतिवादी तितक्या प्रती, आणि प्रत्येक प्रतीवर ‘खरी प्रत’ म्हणून याचिकाकर्त्याची स्वतःची सही. विजयी उमेदवाराची निवड रद्द करा एवढंच मागायचं असेल तर तो प्रतिवादी. ‘मला निवडून आल्याचं जाहीर करा’ असंही मागायचं असेल तर रिंगणातले सगळे उमेदवार प्रतिवादी करावे लागतात. ज्या उमेदवारावर भ्रष्ट आचरणाचा आरोप असेल त्यालाही जोडावं लागतं, मग तो कितीही खालच्या क्रमांकाचा असो. यातला एक प्रतिवादी राहिला किंवा तारण भरलं नाही तर याचिका पुराव्यापर्यंत पोहोचायच्या आधीच फेटाळली जाते. दाखल करताना वकिलासोबत उमेदवाराने स्वतः हजर राहावं.

आता मजकुराबद्दल. ‘विरोधकाने मतदारसंघात पैसे वाटले’ हे वाक्य न्यायालयात टिकत नाही. कोणी, कोणाला, कोणत्या गावात, कोणत्या तारखेला, किती दिले आणि त्याला उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची संमती होती हे कशावरून, असं सगळं लिहावं लागतं, आणि त्यासाठी नमुना २५ मधलं वेगळं शपथपत्र लागतं. मतदानाच्या काळातच व्हिडिओ, तक्रारीची पोच, गुन्हा क्रमांक यांची फाईल ठेवलेली नसेल तर ४५ दिवसांत हे जमवणं अवघड जातं.

नियमभंगाचा मुद्दा असेल तर त्यामुळे निकालावर परिणाम झाला हे दाखवावं लागतं. ३० मतांचा घोळ आणि ९,००० चा फरक असेल तर तो मुद्दा चालणार नाही. एक अपवाद आहे: एखाद्याचा उमेदवारी अर्ज चुकीने बाद केला असेल तर निकालावर परिणाम झाला का हे पाहावं लागत नाही, तेवढ्यावर निवडणूक रद्द होते. अर्ज चुकीने स्वीकारला असेल तर मात्र परिणाम सिद्ध करावा लागतो.

याचिकेचा निकाल किती दिवसांत लागतो?

कायदा म्हणतो, सहा महिन्यांत लावण्याचा प्रयत्न करावा. प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. विलेपार्ल्याची पोटनिवडणूक डिसेंबर १९८७ मध्ये झाली. शिवसेनेच्या पाठिंब्यावर निवडून आलेल्या डॉ. रमेश प्रभू यांच्याविरुद्ध पराभूत काँग्रेस उमेदवार प्रभाकर कुंटे उच्च न्यायालयात गेले. धर्माच्या नावावर मतं मागितल्याच्या कारणाने १९८९ मध्ये निवड रद्द झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं ११ डिसेंबर १९९५ रोजी. आठ वर्षं गेली. त्याच दिवशी न्यायालयाने दादरच्या १९९० च्या निवडणुकीतला मनोहर जोशी यांच्याविरुद्धचा उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला. तिथे याचिका नितीन पाटील यांची होती, आणि तोवर जोशी मुख्यमंत्री झाले होते.

म्हणून याचिका करताना हिशोब मनाशी स्पष्ट असावा. खुर्ची मिळेल या आशेने करू नका, ती मुदतीत क्वचित मिळते. गैरप्रकार न्यायालयाच्या नोंदीत यावा आणि दोषीला अपात्रता लागावी, असं खरंच वाटत असेल आणि पुरावा हातात असेल तर जरूर करा. उच्च न्यायालयाच्या निकालावर सर्वोच्च न्यायालयात अपिलाला ३० दिवस मिळतात.

मतदान केंद्राचं सीसीटीव्ही चित्रण मिळेल का?

डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक संचालन नियमांतला नियम ९३ बदलला आणि हे चित्रण सर्वांसाठी खुल्या कागदपत्रांतून बाहेर गेलं. आयोगाच्या २०२५ च्या सूचनेनुसार याचिका झाली नाही तर ४५ दिवसांनी ते नष्ट करता येतं. चित्रणावर तुमचा मुद्दा उभा असेल तर मुदतीच्या आतच याचिका करून ते जपून ठेवण्याचा आदेश मागावा लागतो.

पराभवाचं खरं कारण कसं शोधायचं?

चावडीवर कारणं भरपूर मिळतात: अमक्याने शब्द फिरवला, शेवटच्या रात्री वाटप झालं, जातीचं गणित बिघडलं. त्यातली काही खरी असतातही. पण सुरुवात नमुना २० पासून करा. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मतदारसंघनिहाय मिळतो. त्यात प्रत्येक केंद्रावर प्रत्येक उमेदवाराची मतं आणि नोटा असतात. टपाली मतं वेगळ्या ओळीत असतात.

आकडे एक्सेलमध्ये उतरवा. शेजारी तीन रकाने स्वतः भरा: गाव किंवा वस्ती, जिल्हा परिषदेचा गट किंवा शहरातला प्रभाग, आणि त्या केंद्रावर दिवसभर तुमचा मतदान प्रतिनिधी बसला होता का. तिसऱ्या रकान्याचं खरं उत्तर नमुना १७ सी च्या प्रतींतून मिळतं. संध्याकाळी सही-शिक्क्याची प्रत आणली ती केंद्रं खरी, बाकीच्यांचा प्रतिनिधी जेवायला गेला तो परत आला नाही. ३०० पैकी १२० प्रतीच हातात आल्या, तर संघटना कागदावर होती एवढं कळतं.

मग मागच्या निवडणुकीशी तुलना. इथे केंद्र क्रमांकावर विसंबू नका. मतदारसंख्येच्या मर्यादेमुळे केंद्रं फोडतात, जोडतात, क्रमांक सरकतात. यादीभागाचं आणि गावाचं नाव धरून जुळवा. २००९ च्या आधीची आकडेवारी बाजूला ठेवा, कारण त्या निवडणुकीपासून मतदारसंघांच्या सीमाच बदलल्या.

सगळ्यात आधी पाहायची ती तुमची हक्काची केंद्रं. तिथे तुमच्या मतांचा टक्का टिकला पण मतदान घसरलं असेल तर लोक विरोधात गेलेले नाहीत, त्यांना बाहेर काढणारं कोणी नव्हतं. मतदान तेवढंच आणि तुमचा वाटा पडला असेल तर माणसं दुरावली आहेत. ही दोन दुखणी वेगळी, औषधंही वेगळी.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. लहान गावात केंद्रनिहाय निकालावरून कोणत्या वस्तीने मत दिलं नाही ते कळतं. त्या वस्तीच्या पाण्यावर, रस्त्यावर, मजुरीवर राग काढणं हा गुन्हा तर आहेच, पण त्या माणसांनी आपला हक्क बजावला होता. तिथे जायचं ते विचारायला जायचं.

बंडखोरामुळे किंवा नामसाधर्म्यामुळे पडलो, असं म्हणता येईल का?

बंडखोराची मतं फरकापेक्षा जास्त आहेत एवढ्यावरून नाही. ती सगळी तुमच्याकडे आली असती हे गृहीतक असतं. त्याच्या घरच्या गटात तुमची मागची मतं किती होती आणि आता किती, ते पाहिलं तर त्याने खरी किती नेली याचा अंदाज येतो.

नाव आणि चिन्हाच्या साम्याचा फटका खरा असतो. २०२४ च्या लोकसभेत साताऱ्यात ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हाचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी पडले आणि पिपाणीसारख्या दिसणाऱ्या चिन्हाला ३७,०६२ मतं गेली. सारखंच नाव असेल तर नावापुढे व्यवसाय किंवा गाव लावून फरक करण्याची तरतूद आहे. ही हरकत उमेदवारांची अंतिम यादी तयार होतानाच लेखी द्यावी लागते. मतपत्रिका यंत्रावर चढल्यावर उपाय नाही.

दोनदा पडलो. तिसऱ्यांदा लोक स्वीकारतात का?

पराभवांच्या संख्येवर कायद्याचं बंधन नाही. परळीत २०१४ ला पंकजा मुंडे यांच्याकडून हरलेले धनंजय मुंडे २०१९ ला त्यांनाच हरवून निवडून आले. राजस्थानात सी. पी. जोशी २००८ ला नाथद्वाऱ्यातून अवघ्या एका मताने पडले, २०१८ ला तिथूनच जिंकले आणि विधानसभेचे अध्यक्ष झाले. कर्जत-जामखेडला राम शिंदे २०१९ आणि २०२४ असे लागोपाठ दोनदा पडले, दुसऱ्या वेळी फरक १,२४३ इतका कमी होता. मधल्या काळात ते विधान परिषदेवर गेले आणि डिसेंबर २०२४ मध्ये परिषदेचे सभापती झाले. विधानसभेला पडलेल्याने परिषदेवर जायला कायद्याची आडकाठी नाही.

आकड्यांत पाहायचं ते एवढंच: दुसऱ्या वेळी तुमची मतं वाढली का, आणि पहिल्या वेळी शून्यावर असलेल्या गटांत ती उगवली का. दोन निवडणुकांत मतं त्याच दोन गटांत अडकली असतील तर तिसरा अर्ज भरण्याआधी आधी जिल्हा परिषद लढून पाहावी.

पडल्यावर पक्ष बदलला तर पक्षांतरबंदी लागते का?

नाही. ती सभागृहाच्या सदस्यांना लागते.

पुढच्या अर्जासाठी आतापासून काय करायचं?

मतदारयादीपासून सुरू करा. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा वर्षात चार तारखांना १८ पूर्ण होणाऱ्यांची नावं चढतात. नवीन नावाला नमुना ६, मृत किंवा गाव सोडून गेलेल्याच्या नावावर हरकतीला नमुना ७, पत्ता किंवा दुरुस्तीला नमुना ८. तुमचं स्वतःचं नाव राज्यातल्या कोणत्यातरी विधानसभा मतदारसंघात असलं पाहिजे. सूचक मात्र ज्या मतदारसंघातून लढता तिथलेच हवेत: मान्यताप्राप्त पक्षाला १, अपक्षाला १०. दहांतला एकाचा यादीक्रमांक चुकला तरी अर्ज अडकतो, म्हणून १०-१० सूचकांचे एकाहून अधिक संच भरा. चार संचांपर्यंत परवानगी आहे आणि अनामत एकदाच लागते.

सरकारी कामाचे ठेके घेत असाल तर हे विशेष लक्षात ठेवा: राज्य शासनाशी चालू असलेला ठेका तुम्हाला अपात्र करतो. काम तुमच्या बाजूने पूर्ण झालं असेल आणि फक्त बिल यायचं राहिलं असेल तर अपात्रता नाही. काम पूर्ण झाल्याचा दाखला अर्जाच्या आधी हातात ठेवा.

शपथपत्राचा, म्हणजे नमुना २६ चा, एकही रकाना कोरा सोडू नका. लागू नसेल तिथे ‘निरंक’ लिहा. मागच्या वेळचं शपथपत्र समोर ठेवून नवं भरा. मागच्या वेळी दाखवलेला प्लॉट या वेळी गायब असेल आणि विकल्याची नोंद नसेल तर विरोधकाचा वकील तोच कागद घेऊन छाननीला येतो.